द्विधातू नाणे, दहा रुपयांचे

बाहेरील कडे एका मिश्रधातूचे व मधील चकती दुसऱ्या मिश्रधातूची, अशा घडणीचे भारतीय चलनी नाणे. आरंभीच्या नाण्यांवर २००५ हे वर्ष असले, तरी ती लोकांच्या हाती २००९ मध्ये आली. आधुनिक काळात हा प्रकार इटलीने १९८२ मध्ये ५०० लिरांच्या नाण्याने रूढ केला. रशियाने मात्र २००९ पासून दहा रूबलांच्या नित्याच्या नाण्यासाठी पितळेचा मुलामा दिलेले पोलाद पत्करले.

नाण्याचा व्यास २७ मिमी. असून कडे ॲल्युमिनियम-ब्राँझचे, म्हणून पिवळसर असते. चकती पांढरी असते. दोन्ही भाग वेगवेगळे कापतात. ठशाच्या दाबाखाली चकतीचा धातू फाकतो व कड्यात घट्ट बसतो. हा सांधा साधणे नकली नाणी पाडणाऱ्यास कठीण जाते. धातूची किंमत दर्शनी मूल्याहून कमी राखणे हीही टांकसाळीची कायमची विवंचना होय. पाच रुपयांचे तांबे-निकेलचे नाणे ९ ग्रॅ. वजनाचे होते, पुढे पाच रुपयांची नाणी ६ ग्रॅ. वजनाची निघू लागली. मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर वर्षाखाली हिऱ्याच्या आकाराची, तर हैदराबादच्या नाण्यावर ताऱ्याची खूण असते.

आकृतिबंध वारंवार बदलल्याने या नाण्याची पत मात्र डळमळली. आधीच्या एका नाण्यावर पंधरा किरण होते व रुपयाचे चिन्ह नव्हते. २०११ च्या नाण्यावर दहा किरण व चिन्ह आले. त्यावरून पंधरा किरणांचे नाणे खोटे, अशी अफवा पसरली आणि अनेक ठिकाणी दुकानदार ते नाकारू लागले. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत काय किंवा खेड्याच्या आठवडी बाजारात काय, नाण्याची पारख नजरेने होते; तेथे राजपत्र कोणी वाचत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये खुलासा केला, की तोवर निघालेले चौदाही आकृतिबंध वैध आहेत. २०११ च्या नाणेविषयक अधिनियमानुसार एक रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यास वैध चलन ठरतात. तरीही नकाराचा तोटा फेरीवाला, रिक्षाचालक अशा किरकोळ देवघेव करणाऱ्यांनाच सोसावा लागला.

२०१९ च्या मालिकेत दृष्टिहीनांची सोय पाहून मूल्याबरोबर आकार व वजन वाढत नेले आहे. तीतील दहा रुपयांचे नाणे ७.७४ ग्रॅ. वजनाचे व गोल आहे. वीस रुपयांचे ८.५४ ग्रॅ. वजनाचे, बारा बाजूंचे असून त्याच्या कडेवर दाते नाहीत.