बैलगाडीला कुठे होता परवाना?

शेतकरी बंधूंनो, आपल्या देवरीवरून नागपूर-रायपूर हमरस्ता जातो. "ट्रॅक्टर शेतीचा, त्याला परवाना कशाला? बैलगाडीला कुठे होता?" असे कुणी म्हणाले, तर त्याला थोडा इतिहास सांगा. बैल वाटेतले माणूस पाहून आपणहून थबकतो. यंत्राला डोळे नसतात, ते चालकाचेच. म्हणून १९१४ च्या मोटार कायद्यानेच सार्वजनिक रस्त्यावर यंत्राची गाडी हाकणाऱ्यास परवाना लावला. पुढे १९३९ चा आणि १९८८ चा कायदा आला, पण ही अट कायम राहिली. गाडी शेतीची की भाड्याची, हा प्रश्नच नाही. बांधाच्या आत कायदा परवाना मागत नाही. चाक सडकेला लागले की मागतो. आणि गुरुजी, २०१९ पासून अल्पवयीन मुलाने गाडी हाकून गुन्हा केला, तर पालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढे वर्गात जरूर सांगा.