टॉलपडलचे सहा मजूर

धर्म माणसाला नमवतो, असे आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांच्या तोंडी नेहमी असते. ते खोटे नाही. पण इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातले टॉलपडल गाव दुसरी बाजू दाखवते.

तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ७ वर आली, पुढे ६ होणार असे दिसू लागले. तेव्हा १८३३ साली जॉर्ज लव्हलेसने संघ काढला. हा नांगर धरणारा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकारही होता. त्या पंथात प्रवचनाला पदवी लागत नसे. आठवडाभर मालकापुढे वाकणारा मजूर रविवारी उभा राहून बायबलचा अर्थ सांगे. देवापाशी आपले मोल आहे अशी खात्री पटलेल्या माणसाला मालकाने ठरवलेले मोल मुकाट्याने पत्करवेना. सभा चालवणे, वर्गणी जमवणे हेही तो प्रार्थनामंदिरातच शिकला.

संघ काढणे गुन्हा नव्हता. ती बंदी १८२४ सालीच उठली होती. म्हणून गुप्त शपथेचे निमित्त करून मार्च १८३४ मध्ये सहा जणांना ७ वर्षे ऑस्ट्रेलियात हद्दपारीची शिक्षा दिली. शिक्षा देणारेही ख्रिस्तीच होते, हे विसरू नये. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. १८३६ साली माफी मिळाली.

संघ मजुरीसाठी निघतो खरा. पण आपणही कोणी आहोत असे वाटल्याखेरीज माणूस संघात येत नाही. लव्हलेसला ते त्याच्या श्रद्धेने दिले.