महसीर आणि नदीची वर्दी

पुण्याच्या नद्यांस मत्स्यशास्त्रांत स्थान मिळालें तें एका लष्करी अधिकाऱ्यामुळें. मुंबई सरकारनें आंकडेवारीच्या कामावर नेमलेल्या विल्यम सायक्स यानें दक्षिणेंतील माशांचीं वर्णनें १८३९ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांत पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत सांपडणारा दख्खनी महसीर होता. येथील लोकांच्या तोंडचीं नांवेंच सायक्सनें लॅटिन पोशाखांत उभीं केलीं; म्हणून तो मासा आजहि ‘टोर खुद्री’ म्हणून ओळखला जातो.

हा मासा सामनाप्रमाणें समुद्रांतून येत नाहीं. पण पूर आला कीं अंडीं घालण्यासाठीं तोहि प्रवाहाविरुद्ध चढतो. ही स्वारी पुढेंमागें कां व्हावी? सामनाच्या बाबतींत उत्तर बरेंच हातीं आलें आहे. अमेरिकेंत कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणाच्या शिडीनें चढणारे मासे १९३८ पासून मोजले जातात. त्या वह्यांवरून दिसलें कीं, सॉकाय जातीचा सामन १९४० च्या सुमारापेक्षां सुमारें दहा दिवस आधीं येऊं लागला आहे. उन्हाळ्यांत नदी अधिक तापूं लागली. उशिरां निघालेले वाटेंत मेले, लवकर निघणाऱ्यांचा वंश उरला. बदलाचें एक मोठें कारण तें हेंच.

हाच न्याय मुठेस लावणें मात्र बरोबर होणार नाहीं. आमच्याकडे निघण्याची वर्दी देतो तो सह्याद्रीवरचा पाऊस, आणि ती वर्दीच मनुष्यानें अडविली. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचें धरण पुरें झालें. मुळशीस १९२१ सालीं सेनापति बापट व मावळे शेतकरी जमिनीसाठीं लढले. त्या झगड्यांत माशांचें गाऱ्हाणें मांडणार कोण? धरण झालें, आणि पूर्वेस जाणारें मुळेचें पाणी कोंकणांत भिऱ्याच्या वीजघराकडे वळलें. आतां मृगाचा लोंढा तलावच पिऊन टाकतो. खालच्या माशास वर्दी पोंचते ती धरण भरून दारें उघडल्यावर, आणि तेव्हांहि पुढें भिंत उभीच असते.

लोणावळ्याच्या वळवण तलावाकांठीं १९७० च्या आसपास टाटांच्या वीज कंपनीनें, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या साह्यानें, महसिराचीं अंडीं हातानें काढून उबविण्याची युक्ति साधली. माशाच्या चढण्याचा प्रश्नच मिटला, असें कोणास वाटेल. पण तीं पिल्लें परप्रांतींहि गेलीं. कावेरींत सोडलेल्या या पाहुण्यानें तेथील मूळच्या कुबड्या महसिरास मागें रेटलें, आणि तो २०१८ सालीं अतिसंकटग्रस्तांच्या यादींत गेला.