वाहननिर्बंध, दिल्लीतील

हवेचे प्रदूषण आटोक्यात आणण्यासाठी दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात वाहनांच्या वापरावर १९९८ पासून वेळोवेळी घातलेली बंधने. इंधनाची सक्ती, नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकावरून एक दिवसाआड गाडी बंद ठेवणारी सम-विषम योजना, जुन्या गाड्यांची वयोमर्यादा आणि प्रदूषणाची पातळी चढेल तशी लागू होणारी तात्पुरती बंदी हे यांचे मुख्य प्रकार. श्वास घेण्याजोग्या हवेचा हक्क आणि स्वतःच्या गाडीने फिरण्याची मोकळीक यांचा मेळ घालण्याचे जितके प्रयोग दिल्लीत झाले, तितके भारतातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात झालेले नाहीत.

पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची दिल्लीतली वार्षिक सरासरी दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. भारतीय मानक ४० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि शहरात तयार झालेला धूर शहरातच कोंडून राहतो. त्यात पंजाब-हरियाणातल्या भाताच्या खुंटांच्या आगीचा धूर येऊन मिळतो. या धुरात वाहनांचा वाटा किती, यावर प्रत्येक निर्बंधाच्या वेळी वाद होतो. आयआयटी कानपूरने दिल्ली सरकारसाठी केलेल्या आणि २०१६ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पीएम २.५ च्या उत्सर्जनात रस्त्यावरच्या धुळीचा वाटा ३८ टक्के आणि वाहनांचा २० टक्के होता. वाहनांच्या या वाट्यात ट्रक ४६ टक्के, दुचाकी ३३ टक्के आणि चारचाकी मोटारी फक्त १० टक्के होत्या. मोटारींवर घातलेल्या कोणत्याही बंदीचे मोजमाप करताना हे आकडे नजरेआड करता येत नाहीत.

कायदेशीर पाया : स्वच्छ हवेचा हक्क न्यायालयांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात धरला आहे. देशभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९(१)(घ) देतो, आणि सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा १९(५) मध्ये आहे. प्रत्यक्ष बंदी घातली जाते ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी ठरावीक भागात, ठरावीक रस्त्यांवर वाहनांना मज्जाव करण्याचा अधिकार हे कलम राज्य सरकारला देते. निर्बंध महिनाभरापेक्षा जास्त काळ टिकणार नसेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेचीही गरज नसते. म्हणजे निर्बंध घालता येतो का, हा प्रश्न कायद्याने जवळजवळ निकालात काढला आहे. ज्यावर खरी लढाई होते तो प्रश्न वाजवीपणाचा आहे : ओझे कोणावर पडते, ते कोणत्या निकषावर पडते आणि गाडी बंद ठेवणाऱ्याला दुसरे साधन मिळते का.

सीएनजीची सक्ती : वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिलेल्या आदेशापासून या निर्बंधांना सुरुवात होते. दिल्लीतल्या सगळ्या बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणाव्यात, १९९० पूर्वीच्या रिक्षा आणि टॅक्सी बदलून स्वच्छ इंधनाच्या घ्याव्यात, असे त्यात होते. मुदत आली तेव्हा गॅस भरण्याची केंद्रे अपुरी होती. रिक्षावाले गाड्या घेऊन रात्र-रात्र रांगेत उभे राहिले, बसच्या थांब्यांवर ताटकळलेल्या प्रवाशांचा उद्रेक झाला, मुदतवाढी मिळत गेल्या. अखेर २००२ संपेपर्यंत बसगाड्यांचे रूपांतर पूर्ण झाले. दिल्लीच्या रस्त्यावरचा काळा धूर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला तो या आदेशामुळे, आणि त्याचे श्रेय न्यायालयाला द्यायलाच हवे.

याच आदेशात आणखी एक कलम होते, ज्याची आठवण क्वचितच काढली जाते. १ एप्रिल २००१ पर्यंत दिल्लीतल्या बसगाड्यांची संख्या १०,००० करावी, असे न्यायालयाने सांगितले होते. त्यानंतर पाव शतक लोटले तरी दिल्लीने तो आकडा गाठलेला नाही. इंधनाचा हुकूम बसवाल्यांनी आणि रिक्षावाल्यांनी स्वतःच्या पैशाने पाळला. बसगाड्यांचा हुकूम सरकारने पाळायचा होता. पुढच्या प्रत्येक निर्बंधाच्या मुळाशी ही उणीव आहे. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने मोठा भार उचलला, पण स्टेशनापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला बसच लागते.

सम-विषम योजना : दिल्ली म्हणजे गॅस चेंबर झाली आहे, अशा आशयाचे ताशेरे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ च्या सुरुवातीला ओढले. लगोलग मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या सरकारने ही योजना जाहीर केली. १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात, रविवार सोडून, सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत विषम तारखेला विषम आणि सम तारखेला सम क्रमांकाच्याच मोटारी रस्त्यावर आणायच्या होत्या. मोडणाऱ्याला २,००० रुपये दंड होता. चौकाचौकांत स्वयंसेवक उभे राहून नियम मोडणाऱ्यांना गुलाबाचे फूल देत होते. शाळा पंधरवडाभर बंद ठेवून त्यांच्या बस प्रवाशांसाठी वापरल्या गेल्या. लोकांनी योजनेला दिलेला प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला होता. शेजारी-शेजारी राहून एकमेकांशी न बोलणारी माणसे एका गाडीतून कचेरीत जाऊ लागली. रस्ते मोकळे झाले आणि बस वेळेवर पोचू लागल्या. योजनेविरुद्धच्या याचिकांत हस्तक्षेप करायला उच्च न्यायालयाने ११ जानेवारीला नकार दिला.

सवलतींची यादी मात्र लांबलचक होती. दुचाकी, सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या, एकट्या किंवा केवळ महिला व बारा वर्षांखालील मुलांसह गाडी चालवणाऱ्या महिला, अपंग व्यक्तींच्या गाड्या, रुग्णवाहिका, राष्ट्रपती-पंतप्रधानांपासून न्यायाधीशांपर्यंतच्या अतिमहत्त्वाच्या व्यक्ती या सगळ्यांना मोकळीक होती. दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी स्वतःसाठी आणि आपल्या मंत्र्यांसाठी सवलत घेतली नाही, ही गोष्ट लोकांना भावली. महिलांची सवलत सुरक्षिततेसाठी होती आणि ती योग्यच होती. दुचाकींची सवलत नाइलाजाने दिलेली होती. शहरातल्या नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे दोन-तृतीयांश दुचाकी. त्यांचे चालक एकाच दिवशी बसकडे वळले असते तर तेवढ्या बस होत्या कुठे? परिणामी वाहनांच्या धुरात ३३ टक्के वाटा असलेले वाहन मोकळे राहिले आणि १० टक्के वाट्याच्या वाहनाला एक दिवसाआड सुट्टी मिळाली.

योजनेचा परिणाम शिकागो आणि हार्वर्ड विद्यापीठांशी संलग्न संशोधकांनी तपासला. जानेवारीत निर्बंधाच्या तासांत पीएम २.५ चे प्रमाण शेजारच्या शहरांच्या तुलनेत १४ ते १६ टक्के घटलेले त्यांना आढळले. १५ ते ३० एप्रिल २०१६ च्या दुसऱ्या फेरीत काहीही फरक दिसला नाही. उन्हाळ्यात हवा वर उठते, धूर पांगतो, त्यामुळे मोटारी थांबवून हाती फारसे लागत नाही. शिवाय एप्रिलमध्ये शाळा सुरू होत्या, म्हणजे शाळांच्या बस हाताशी नव्हत्या, आणि पहिल्या फेरीचा उत्साहही ओसरला होता. थोड्या दिवसांसाठी, ऐन हिवाळ्यात, जादा बसगाड्यांसह योजना राबवली तर उपयोग होतो, एवढा निष्कर्ष यातून नक्की निघतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये योजना पुन्हा जाहीर झाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने महिला आणि दुचाकींना सवलत देता येणार नाही असे सांगताच सरकारने ती मागे घेतली. ४ ते १५ नोव्हेंबर २०१९ ची फेरी पार पडली; दंड ४,००० रुपये झाला आणि गाडी सीएनजीची असल्याचे दाखवणाऱ्या स्टिकरांच्या गैरवापरामुळे सीएनजी मोटारींची सवलत गेली. २०२३ मध्ये दिवाळीनंतरच्या आठवड्यासाठी योजना ठरली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या परिणामकारकतेविषयी शंका घेतली, मग पाऊस पडला, हवा सुधारली आणि योजना बारगळली.

वयोमर्यादा : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरील सर्व वाहनांना आणि ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना राजधानी क्षेत्रात बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ती कायम ठेवली. गाडीमालकांची सर्वांत रास्त तक्रार या निर्बंधाबद्दल आहे. खासगी मोटारीची नोंदणी कायद्याने पंधरा वर्षांसाठी होते, पुढे ती नूतनीकरणाने वाढवता येते आणि रस्ताकर गाडी घेतानाच एकरकमी भरून घेतला जातो. डिझेल गाडी घेणाऱ्याला घेताना कुणी सांगितले नव्हते की पाच वर्षे आधीच तिचे आयुष्य संपेल. निवृत्त शिक्षकाची महिन्यातून चार वेळा बाहेर पडणारी मोटार आणि रोज दोनशे किलोमीटर धावणारी टॅक्सी यांना एकच पट्टी लावली गेली. ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी परराज्यात विकण्याची वाट ठेवली होती. त्याने दिल्लीची हवा थोडी सुधारली असेल, पण तो धूर दुसऱ्या गावातल्या मुलांच्या छातीत गेला.

वयाचा निकष निराधार नव्हता, ओबडधोबड होता. प्रदूषण ठरते ते गाडी कोणत्या भारत स्टेज (बीएस) मानकाची आहे यावर. बीएस-३ डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, बीएस-४ ला २५ आणि बीएस-६ ला फक्त साडेचार. दिल्लीत बीएस-४ मानक २०१० मध्ये आले, म्हणून २०१४ ची दिल्लीतली डिझेल मोटार २००९ च्या मोटारीच्या निम्म्या मर्यादेत बसणारी होती. वयाच्या नियमाने दोघींनाही दहाव्या वर्षी मोडीत काढले. प्रत्यक्ष धूर मोजण्याची जी सोय आहे, ती पीयूसी या प्रदूषण तपासणीची, तीही तोकडी आहे. उभ्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीला रेस देऊन धुराचा काळेपणा पाहतात. पीएम २.५ किंवा नायट्रोजन ऑक्साइड या तपासणीत मोजलेच जात नाहीत.

हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने २०२५ मध्ये या वयोमर्यादेची अंमलबजावणी पेट्रोल पंपावर आणली. १ जुलैपासून पंपांवर बसवलेले कॅमेरे नंबरप्लेट वाचत, वाहनाच्या नोंदींशी पडताळत आणि गाडी मुदतबाह्य निघाली की ध्वनिक्षेपकावरून तसे पुकारले जाई. शेजारी पोलीस आणि परिवहन विभागाचे कर्मचारी जप्तीसाठी उभे असत. नोंदींनुसार दिल्लीत अशी सुमारे ६२ लाख वाहने होती, त्यांतली बहुसंख्य दुचाकी. म्हणजे ज्या वर्गाला सम-विषमच्या वेळी नाइलाज म्हणून सोडले होते, त्याच्यावरच आता सर्वांत मोठा घाव पडणार होता. दोनच दिवसांत दिल्ली सरकारने स्थगिती मागितली आणि आयोगाने मुदत १ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर कारवाई करू नये, असा आदेश दिला. १७ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या वाहनांपुरते ठेवले. दशकभराच्या वादानंतर निकष कॅलेंडरवरून उत्सर्जनाच्या मानकाकडे सरकला, आणि हा बदल चालक आणि हवा दोघांच्याही हिताचा आहे.

टप्प्यांची योजना : २०१७ पासून लागू असलेल्या ‘ग्रॅप’ या श्रेणीबद्ध कृती आराखड्यात हवा तिसऱ्या टप्प्यात गेली की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारी दिल्लीत व लगतच्या चार जिल्ह्यांत बंद होतात. दंड २०,००० रुपये आहे. निकष उत्सर्जनाचा असल्याने ही पद्धत सम-विषमपेक्षा न्याय्य आहे. अडचण अशी की आदेश रात्री निघतो आणि सकाळी लागू होतो. विमानतळ गाठायचा असलेल्या किंवा घरात रुग्ण असलेल्या माणसाला पर्याय शोधायला वेळच उरत नाही.

इतर शहरे : मेक्सिको सिटीत १९८९ पासून क्रमांकानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवावी लागते. अर्थशास्त्रज्ञ लुकास डेव्हिस यांना २००८ च्या अभ्यासात तिथली हवा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही; लोकांनी दुसरी, बहुधा जुनी गाडी घेऊन ठेवली होती. लंडनने २०१९ मध्ये अतिअल्प उत्सर्जन क्षेत्र सुरू केले. तिथे पेट्रोलसाठी युरो-४ आणि डिझेलसाठी युरो-६ मानक न पाळणारी गाडी आणता येते, पण दिवसाला साडेबारा पौंड भरून. ऑगस्ट २०२३ मध्ये क्षेत्र पूर्ण शहरभर वाढले तेव्हा तीव्र विरोध झाला, आणि जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांना मदत देण्यासाठी १६ कोटी पौंडांचा निधी ठेवावा लागला. दिल्लीत अशा भरपाईची व्यवस्था नव्हती, हा मोठा फरक आहे.

महाराष्ट्र : माथेरानमध्ये मोटारींना पूर्वापार बंदी आहे. मुंबईत टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे. तिच्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. लोक हळहळले, पण फसवणूक झाल्याची तक्रार कुणी केली नाही, कारण तारीख टॅक्सीवाल्याला आधीपासून ठाऊक होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातली पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितले आणि राज्य शासनाने मुंबई महानगर प्रदेशासाठी समिती नेमली. दरम्यान बेस्टच्या बसगाड्या दहा-बारा वर्षांपूर्वी चार हजारांवर होत्या, त्या आता तीन हजारांच्या खाली आल्या आहेत. शासनाने मुंबईत कोणत्याही वाहनबंदीची तारीख जाहीर करण्याआधी या बसगाड्या परत आणण्याची तारीख जाहीर करावी आणि ती पाळावी.