कळांच्या वेळची सोबत

कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशींचं नाव काढलं की पहिली डॉक्टर, बोटीचा प्रवास, अमेरिका हे सगळ्यांना आठवतं. मला आधी आठवतं ते त्यांचं बाळंतपण. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि धड उपचार न मिळता दहा दिवसांत गेला. 1883 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत त्यांनी सांगितलं, की या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर हवी आहे. 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 ला, त्या पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

त्यांच्या प्रबंधाचा विषय माझ्या कामाचा आहे. मी डोंबिवलीत राहते आणि कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत बाईजवळ थांबते. हे काम करणारीला आता डूला म्हणतात. पण सुश्रुताने प्रसूतीच्या खोलीत चार बायका सांगितल्या आहेत, त्या मला रोज आठवतात. वयाने पोक्त, बाळंतपणात मुरलेल्या आणि नखं कापलेल्या. चरकानेही तिथे अनेक लेकरं झालेल्या, मायाळू, न कंटाळणाऱ्या, धीर देणाऱ्या बायका सांगितल्या आहेत. म्हणजे दोन कामं झाली. एक स्वच्छ, जाणत्या हातांचं, दुसरं सोबतीचं. आपल्याकडच्या बाळंतपणाच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पहिलं काम सुधारलं आणि त्या गडबडीत दुसरं सुटून गेलं, असं मला वाटतं.

माझी आजी मुरबाडकडच्या गावची सुईण होती. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्ये जातवार चालीरीती दिल्या आहेत, त्यात सुईण पुन्हा पुन्हा भेटते. नाळ कापणारी, बाळाला न्हाऊ घालणारी. मग पाचवी, सटवाईची पूजा, बारसं. आम्ही न्हावी. नाळ कापणं विटाळाचं मानत, म्हणून ते काम आमच्या किंवा मांग समाजातल्या बायकांकडे असे. ज्या घरात आजी रात्रभर जागायची, त्या घराच्या स्वयंपाकघरात तिला पाऊल टाकता येत नसे. सकाळी मागच्या दारी लुगडं, नारळ, पायलीभर भात मिळे. सुईणीच्या आठवणी गोड करून सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

ती काय करायची ते आईने मला करून दाखवलं. कोपऱ्यातली अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, आढ्याला बांधलेला दोर. बाळंतीण दोर धरून उकिडवी बसे आणि आजी तिच्या पाठीमागे. कळ चढायला लागली की आजी गुडघा माकडहाडावर टेकवून दाबून धरायची. ओसरली की अलगद काढून घ्यायची. मग तेलाचा हात कमरेवरून खाली. पुढची कळ, पुन्हा गुडघा. आई म्हणायची, आजीला कळ बाळंतिणीच्या आधी कळे, कारण पाठीला हात लावून बसलेली असे. तोंडाने एकच चालू, "आली तशी जाईल गं बाय, सोड, श्वास सोड."

आणि मूल आडवं आलं की ही सगळी माया निरुपयोगी ठरे. रक्त थांबलं नाही तर कल्याणपर्यंत पोहोचायला बैलगाडी. विळ्याने नाळ कापली की आठवड्याच्या आत बाळाला धनुर्वात. आजीने हे सगळं पाहिलं होतं. म्हणूनच आईचं पहिलं बाळंतपण निघालं तेव्हा घरी नको, दवाखान्यातच, हा हट्ट आजीचाच होता.

दवाखाना आपल्याकडे हळूहळू आला. 1885 साली डफरिन फंड निघाला, बायकांसाठी बाई डॉक्टर, नर्स आणि शिकलेल्या सुइणी तयार करण्यासाठी. मुंबईत कामा हॉस्पिटल उघडलं ते 1886 साली, म्हणजे आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षी. ठाणं 1853 मध्ये आणि कल्याण 1854 मध्येच रेल्वेने मुंबईला जोडलं गेलं होतं, पण गाडीने मुंबई गाठून बाळंत होणं सगळ्यांना कुठलं परवडायला. खेड्यात नर्सबाई आली ती स्वातंत्र्यानंतर. डोंबिवलीत पहिल्या मजल्यावरची प्रसूतिगृहं वाढली, त्यांतच माझ्या पिढीतले पुष्कळ जण जन्मले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2005-06 साली महाराष्ट्रातली 64.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे, 2019-21 च्या पाहणीत 94.7 टक्के. या आकड्यांमागे जगलेल्या बायका आणि मुलं आहेत. घरच्या बाळंतपणाकडे परत चला म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण दवाखान्याच्या दाराशी आई थांबली, सासू थांबली, सुईण तर कधीच गेली. मी बाळंत झाले त्या ठिकाणी माझी आई बाहेर बाकावर आणि मी आत, अकरा तास. नर्स एक, कळा देणाऱ्या आम्ही तिघी. कोणी वाईट वागलं नाही. कोणी जवळ नव्हतं, एवढंच. त्या भीतीने अंग कसं आखडतं हे मला तेव्हा कळलं, आणि अंग आखडलं की कळ सोसवत नाही, हेही.

हा नुसता माझा अनुभव नव्हे. ग्वाटेमालातल्या एका गर्दीच्या दवाखान्यात केनेल, क्लाउस हे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळा देणाऱ्या काही बायकांजवळ एक अनोळखी बाई बसवली. पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, बस्स. 1980 साली निष्कर्ष छापले. सोबत मिळालेल्या बायका निम्म्याहून कमी वेळात मोकळ्या झाल्या. त्यानंतर असे अनेक प्रयोग झाले. 2017 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 26 अभ्यास एकत्र मांडले, त्यांत पंधरा हजारांवर बायका होत्या. अखंड सोबत असेल तर सिझेरियन कमी, वेदनाशामक औषधं कमी, कळांचा काळ थोडा कमी. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने बाईच्या पसंतीची सोबत प्रत्येक बाळंतपणात असावी अशी शिफारस केली.

कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकलमध्ये कळा सुरू झालेल्या बाईच्या बातम्या अधूनमधून येतात. अनोळखी बायका ओढण्यांचा आडोसा धरतात, एक जण डोकं मांडीवर घेते, दुसरी हात धरते. ठाणे स्टेशनच्या एक रुपयातल्या क्लिनिकमध्येही बाळं जन्मली आहेत. प्रशिक्षण नसताना त्या बायकांना नेमकं काय करायचं ते सुचतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

मी नाडी तपासत नाही, आतून तपासणी करत नाही, इंजेक्शनला हात लावत नाही. ते काम डॉक्टर-नर्सचं. पण माझ्यासारखीला बोलावणं ज्यांना परवडतं त्या मोजक्याच. मुरबाड-शहापूरकडून कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात, ठाण्याच्या सिव्हिलमध्ये किंवा कळव्याच्या रुग्णालयात येणाऱ्या बाईला सोबतीची गरज जास्त, आणि ती तिला फुकट मिळायला हवी. 2016 साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत जन्मसोबती आत असू द्यावी असं कळवलं आहे. अटी साध्या आहेत: शक्यतो तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं, संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी, उपचारांत तिने लुडबुड करू नये. आई, नणंद, थोरली जाऊ, कोणीही चालेल. हे घराघरांत माहीतच नाही.

म्हणून आता डोहाळजेवणाला बोलावलं की ओटी भरून झाल्यावर मी आईला आणि सासूला समोर बसवते. गुडघा कुठे टेकवायचा, दाब किती द्यायचा, कळ ओसरली की कसा काढायचा. पाणी घोटाघोटाने. तळव्याला ऊब. "अजून किती वेळ?" हे तिला विचारायचं नाही. आणि नर्सबाईंनी अडवलं तर आवाज न चढवता सांगायचं, "मी तिच्या डोक्याशी उभी राहते, तुमच्या कामात येणार नाही, मला आत थांबू द्या."