दुसरी खूण कोण देणार?

गुजरातची नव्हे, दिल्लीची द्वारका. तिथून मी बोलतोय. आमच्या सोसायटीच्या गेटवर एखादा चेहरा खटकला, तरी गार्ड लगेच शिट्टी मारत नाही. आधी इंटरकॉमवर विचारतो. वरून 'आम्ही कुणाला बोलावलं नाही' असं कळलं, की मग धावाधाव.

आपल्या रक्तातल्या टी-पेशीही अशाच वागतात. संरक्षक पेशीला जागं व्हायला एक खूण पुरत नाही, हा विचार ब्रेटशर आणि कोहन यांनी १९७० साली मांडला. टी-पेशीचा एक रिसेप्टर समोरचा प्रथिनाचा तुकडा ओळखतो. दुसरा, सीडी२८, विचारतो की खरंच काही धोका आहे का? १९८७ साली जेन्किन्स आणि श्वार्ट्झ यांनी दाखवलं की नुसती पहिली खूण मिळाली तर पेशी सुस्तावते. बरंच आहे ते; नाहीतर ती आपल्याच अवयवांवर तुटून पडली असती.

हा पहारा चुकवला तर काय होतं? मार्च २००६ मध्ये लंडनला सहा निरोगी तरुणांना एक नवं औषध टोचलं. ते पहिल्या खुणेची वाट न बघता थेट सीडी२८ दाबणारं होतं. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात! जीव वाचले, पण थोडक्यात.

आता आपल्या मुंबईकडे. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून 'नेक्सकार१९' ही रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींवर कृत्रिम रिसेप्टर बसवतात. अशा रिसेप्टरांच्या पहिल्या पिढीत एकच खूण होती, त्या पेशी शरीरात टिकेनात. म्हणून इथे दुसरी खूण, ४-१बीबी, त्याच रिसेप्टरला आतून जोडलेली आहे.

म्हणजे बघा, गार्डने चेहरा ओळखला की 'वरून होकार' आपोआप वाजतो. विचारायला कुणी उरलंच नाही! चेहरा कोणता, हे मग माणसानेच ठरवायचं. इथे निवडलाय सीडी१९. तो कर्करोगाच्या पेशींवर असतो, तसा निरोगी बी-पेशींवरही. त्याही मारल्या जातात. रुग्णाला संसर्ग सांभाळावा लागतो, कधी बाहेरून प्रतिपिंडं द्यावी लागतात. बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो, म्हणून हा सौदा जमतो. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या पेशींवर असणारी खूण निवडली असती, तर जमला नसता. घट्ट गाठींच्या कर्करोगात घोडं अडतं त्याचं हे एक मोठं कारण.