उपनगरातलं जुनं घर नेमकं कधीचं? कागद इथे शोधा

पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न येतो, घर कधीचं? आजोबांची आठवण इथे चालत नाही. राहतं बांधकाम 17 एप्रिल 1964 च्या आधीचं आहे, असा पुरावा असेल तर मंजूर नकाशा नसला तरी पालिका ते ग्राह्य धरू शकते. दुकान-कारखान्यासाठी हीच तारीख 1 एप्रिल 1962 आहे.

सुरुवात प्रॉपर्टी कार्डपासून करा. सीटीएस नंबर माहीत असेल तर ते ऑनलाइन मिळतं. पण कार्ड जमिनीचं असतं. मालक कधी बदलले ते कळतं, भिंती कधी उभ्या राहिल्या ते नाही. त्यासाठी वॉर्ड ऑफिसमधून जुन्या करआकारणीचा उतारा काढा.

गोम पुढे आहे. अंधेरी, घाटकोपर मुंबई पालिकेत आले 1950 मध्ये. बोरिवली, मुलुंड 1957 मध्ये. म्हणजे घर 1935 चं असलं तरी मुंबई पालिकेतली नोंद नंतरचीच असणार. त्यामागचं खरेदीखत शोधताना 'मुंबई'वर अडून बसू नका. उपनगर जिल्हा 1920 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या कागदांवर 'तालुका साष्टी, जिल्हा ठाणे' असू शकतं. आणि मजकूर मोडीत निघाला, तर मोडी वाचणारा गाठावा लागेल.